पगाराआधीची पुंजी

उन्हाळा सरत आला, परीक्षांचे निकाल लागले आणि नेमणुकीची पत्रे हाती पडू लागली, की बँकेच्या शाखांमधून एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. मुलगा किंवा मुलगी, सोबत आई किंवा वडील, हातातल्या पिशवीत प्रमाणपत्रे, आधार कार्ड आणि दोन छायाचित्रे. चौकशीही ठरलेली असते. पगाराचे खाते कोठे उघडावे, येथील खाते तिकडच्या शाखेत बदलून मिळेल काय, एटीएम कार्ड किती दिवसांत येईल. प्रश्न योग्यच असतात आणि त्यांची उत्तरेही सोपी असतात. मात्र ज्या प्रश्नावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात, तो सहसा कोणी विचारीत नाही. पहिला पगार हाती येईपर्यंत, आणि तो आल्यानंतरही काही काळ, ही मुलगी परक्या गावात कशावर राहणार?

पगार किती, हे एव्हाना साऱ्या आळीला ठाऊक झालेले असते. पगाराआधी किती लागेल, याचा हिशेब कागदावर मांडलेला मात्र क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की घर सोडून स्वतंत्र राहण्याची आर्थिक तयारी पगाराच्या आकड्यावरून मोजू नये. ती पगाराआधी जमविलेल्या पुंजीवरून मोजावी. आणि ही पुंजी उभी करणे हे कुटुंबाचे, विशेषतः मुलींच्या आई-वडिलांचे, लग्नखर्चाच्या तरतुदीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

एक गाव उदाहरणादाखल

बोलणे मोघम राहू नये म्हणून एक ठिकाण नजरेसमोर ठेवू. बेंगळूरुच्या आग्नेयेस, होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली, की हेब्बगोडी लागते आणि त्यापुढे बोम्मसंद्रा. आनेकल तालुक्यातील हे मूळचे खेडे आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. किरण मझुमदार-शॉ यांनी १९७८ साली बेंगळुरात भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू केलेल्या बायोकॉनचा मोठा पसारा याच परिसरात आहे. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेले नारायण हृदयालयही येथलेच. भोवताली यंत्रभागांचे व औषधांचे लहानमोठे कारखाने आहेत. त्यामुळे औषधनिर्माणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, परिचर्या किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या मुलामुलींना येथे काम मिळण्याजोगे असते.

अशा मुलामुलींत मराठीही असतात. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आणि सोलापुराहून उद्यान एक्स्प्रेसने बेंगळूरु गाठता येते. निपाणी-बेळगावच्या मंडळींना तर ती आपल्याच राज्याची राजधानी. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव मराठी माणसाला कधीच अगदी परके नव्हते. परके असतात ते तेथील भाड्याचे रिवाज.

त्यांतला पहिला रिवाज अनामत रकमेचा. महाराष्ट्रात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत देण्याची सवय असलेल्या कुटुंबाला बेंगळुरातील मागणी ऐकून धक्का बसतो. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेणे ही तेथील जुनी रीत. अलीकडे पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. पण ती होईलच असे नाही. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी अशी तरतूद आहे. तथापि हा केवळ नमुना कायदा आहे. एखाद्या राज्याने तसा कायदा स्वतः केल्याखेरीज तो तेथे लागू होत नाही. तेव्हा कायद्याचा हवाला देऊन घरमालकाशी वाद घालण्यापेक्षा आपल्या पिशवीत रक्कम किती आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

"आम्ही रिकाम्या हातांनीच आलो होतो"

या विषयावर बोलू लागले, की वडीलधाऱ्यांकडून एक आक्षेप हमखास येतो. "आमच्या वेळी कोणी हिशेब मांडले होते? एक ट्रंक घेऊन मुंबईस आलो आणि उभे राहिलो." या बोलण्यात अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु ते रिकाम्या हातांनी आले होते, हे मात्र पूर्ण खरे नाही.

गिरणगावाची व्यवस्था आठवून पाहावी. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण स्टेशनावर उतरला, की सरळ आपल्या गावच्या मंडळाच्या खोलीवर जाई. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. त्याला अनामत भरावी लागत नसे. गावच त्याची अनामत होते. जेवण खानावळीत, पैसे महिनाअखेरीस. म्हणजे पगारापूर्वीचा महिना खानावळवाली बाई सांभाळून घेत असे. तिच्यापाशी तरी पैसा कोठून येई? पुष्कळदा सावकाराकडून, जबर व्याजाने. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी. बँकिंग क्षेत्रातील आपणा सर्वांनी स्मरणात ठेवावा असा हा इतिहास आहे. गिरणी कामगाराचा पहिला महिना कोणाच्या तरी भांडवलावर निघत होता, हे त्यातून स्पष्ट होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा अनेक कामगारांना गावाकडे परतावे लागले. ज्यांची थोडीबहुत शेती होती, ज्यांचे घर भक्कम होते, त्यांना परतण्यास जागा तरी होती. गाव हीच त्यांची गंगाजळी.

आज बोम्मसंद्र्यास उतरणाऱ्या मुलीसाठी गावकीची खोली नाही आणि उधारीवर जेवू घालणारी खानावळही नाही. तेथे भाडे आगाऊ, अनामत आगाऊ आणि जेवणाचे पैसे मोबाईलवरून तत्क्षणी. पूर्वी जी व्यवस्था समाज पुरवीत होता, ती आता तिने स्वतःच्या खात्यात घेऊन जावयाची आहे. "आम्ही केले, तुम्हीही करा" असे तिला सांगणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

हिशेब मांडून पाहू

समजा, नेमणूक पत्रात वार्षिक ३,६०,००० रुपये लिहिले आहेत. घरचे लोक त्यास बाराने भागून तीस हजार म्हणतात. परंतु या रकमेला 'सीटीसी' म्हणतात. म्हणजे कंपनीला येणारा एकूण खर्च. मूळ वेतन पंधरा हजार धरले, तर कंपनीने भरावयाचा भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये आणि उपदानाची तरतूद सुमारे ७२० रुपये यातूनच वजा होते. मग कर्मचाऱ्याचा स्वतःचा निर्वाह निधी १,८०० आणि कर्नाटकाचा व्यवसाय कर २०० रुपये. हाती पडतात साधारण साडेपंचवीस हजार. यातील निर्वाह निधी वाया जात नाही, तो आपलाच असतो. पण त्यातून घरभाडे देता येत नाही.

आता खर्चाची बाजू. दोन मैत्रिणी मिळून बारा हजार भाड्याचे एक लहान घर घेतात असे धरू. प्रत्येकीचे भाडे सहा हजार. पाच महिन्यांची अनामत साठ हजार, प्रत्येकीची तीस. दलालाचे एक महिन्याचे भाडे, प्रत्येकी सहा हजार. गादी, शेगडी, गॅस, चार भांडी, बादली, पंखा यांचे बारा हजार. प्रवास व सामान नेण्याचे तीन हजार. पहिल्या महिन्याचे जेवणखाण, बस आणि किरकोळ मिळून आठ हजार. बेरीज होते पासष्ट हजार. पगाराची एक दमडीही हाती येण्याआधी अडीच महिन्यांचा पगार खर्ची पडलेला असतो.

येथे आणखी एक बारकावा आहे. अनेक कंपन्यांत महिन्याच्या ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्याचा पगार पुढील महिन्यात काढतात. रुजू होण्याची तारीख महिन्याच्या उत्तरार्धात असेल, तर पहिला पगार सहा आठवड्यांनीही हाती येऊ शकतो. रुजू होण्यापूर्वी एवढा एकच प्रश्न कंपनीच्या कार्यालयास विचारला, तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

नेहमीचा महिना कसा जाईल? भाडे सहा हजार, जेवण साडेसहा हजार, वीज-पाणी-गॅस व देखभाल बाराशे, येणे-जाणे दीड हजार, फोन पाचशे, औषधपाणी व कपडे तेराशे, आणि गावी येण्या-जाण्यासाठी बाजूस काढावयाचे दीड हजार. एकूण साडेअठरा हजार. सात हजार उरतात. आकडे ज्याने त्याने आपापल्या परिस्थितीनुसार बदलावेत. मांडणी मात्र हीच ठेवावी. नोकरीत खंड पडला, आजारपण आले, तर हा साडेअठरा हजारांचा खर्च काही थांबत नाही. म्हणून तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम, म्हणजे ५५,५०० रुपये, हात न लावता ठेवली पाहिजे. ती पासष्ट हजारांत मिळविली, की सुमारे एक लाख वीस हजारांचा आकडा समोर येतो. हीच स्वतंत्र बिऱ्हाडाची खरी किंमत.

एक पायरी खालून चढावे

हा आकडा पाहून कोणी नाउमेद होण्याचे कारण नाही. तो एकदम उभा करण्याची आवश्यकता नसते. बोम्मसंद्रा, हेब्बगोडी आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात 'पीजी' म्हणून ओळखली जाणारी भाड्याची वसतिगृहे आहेत. खोली सामाईक, जेवण बहुधा त्यातच, अनामत तुलनेने थोडी. समजा, महिना आठ हजार आणि अनामत तेवढीच. प्रवासाचे तीन हजार, अंथरूण-पांघरूण दोन हजार, किरकोळ चार हजार. पहिल्या पगारापूर्वीचा खर्च पंचवीस हजारांत बसतो. नेहमीचा महिना तेरा हजारांत जातो. दोन महिन्यांची गंगाजळी सव्वीस हजार. एकंदर एक्कावन्न हजार.

सहा महिने असे राहिल्यास, घरी तीन हजार पाठवूनही, दरमहा साडेनऊ हजार मागे पडतात. सहा महिन्यांचे सत्तावन्न हजार. तेवढ्यात भाड्याच्या घराची अनामत, पहिले भाडे, दलाली आणि संसाराचे सामान, असा चौपन्न हजारांचा खर्च गंगाजळीस हात न लावता भागतो. शिवाय या सहा महिन्यांत गावाची ओळख होते, सोबतीण कशी आहे ते कळते, आणि मुख्य म्हणजे नोकरी टिकण्याजोगी आहे की नाही याचा अंदाज येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण अंथरूण एकेक हात वाढविताही येते, हे आपण विसरतो.

राहण्याचे ठिकाण निवडताना कामाच्या जागेपासूनचे अंतर पैशातच मोजावे. १० ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय विद्यालय रस्ता ते बोम्मसंद्रा हा एकोणीस किलोमीटरांचा, सोळा स्थानकांचा मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला. सिल्क बोर्ड चौकातील वाहनांच्या रांगांत तासन् तास घालविणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला. परंतु मेट्रो आली म्हणून जयनगरात राहून बोम्मसंद्र्यास जाणे स्वस्त झाले, असे नव्हे. पहिले वर्ष तरी पायी किंवा एका बसने जाता येईल एवढ्या अंतरावर काढावे.

दुसऱ्याच्या अंदाजपत्रकावरून आपले अंदाजपत्रक मात्र बेतू नये. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'शक्ती' योजनेत कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. निपाणीची मुलगी आपले ओळखपत्र दाखवून फुकट जाते, तर जवळच्याच कागलची मुलगी तिकीट काढते. दोघींची भाषा एक, खोली एक, कंपनीही एक. महिन्याचा खर्च मात्र वेगळा.

पाण्याचेही तसेच. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. कूपनलिका आटल्या आणि टँकरवर अवलंबून असलेल्या वसाहतींना मोठी झळ बसली. भाडे ठरविताना पाणी कोठून येते आणि टँकरचा खर्च कोणाच्या माथी, हे विचारून घ्यावे. वीजबिलाची २०२३ मधील 'गृहज्योती' सवलत भाडेकरूसही मिळू शकते. त्यासाठी नोंदणी झाली आहे काय, हेही त्याच बैठकीत विचारावे.

कागद पक्का असावा

अनामत ही खर्च झालेली रक्कम नव्हे; ती आपण घरमालकापाशी ठेवलेली ठेव आहे, फक्त तिच्यावर व्याज मिळत नाही. बँकेत ठेव ठेवताना आपण पावती घेतल्याखेरीज खिडकी सोडत नाही. येथेही तोच नियम पाळावा. अनामत रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी, म्हणजे खात्याचा उतारा हाच पुरावा होतो. अकरा महिन्यांचा करार मुद्रांकित कागदावर करावा. त्यात अनामतीची रक्कम, ती किती दिवसांत परत मिळेल, सोडण्याची सूचना किती आधी द्यावयाची, आणि रंगकामापोटी किती कापले जाईल, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापण्याची पद्धत बेंगळुरात अनेक ठिकाणी आहे. ती आधी ठाऊक असली म्हणजे शेवटी भांडण होत नाही. राहावयास जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची असल्याने आपले लोक कागदाबाबत थोडे सावध असतात. ती सावधगिरी सीमेपलीकडे नेताना सांडू नये.

उसनवारीचा सोपा आणि महाग मार्ग

पुंजी नसली की काय होते? पूर्वी सावकार होता. आता तो मोबाईलमध्ये आहे. दहा मिनिटांत कर्ज देणारी ॲप आणि पहिल्या पगाराबरोबर हाती येणारे क्रेडिट कार्ड या दोन वाटा नव्या नोकरदारासमोर उघड्या असतात. कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते. तेवढीच भरत राहिल्यास उरलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकते. म्हणजे वर्षाचे बेचाळीस टक्के. कोणत्याही पगारवाढीला या वेगाने धावता येत नाही.

ॲपवरील कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यातच जमा झाली पाहिजे, एकूण वार्षिक खर्च किती हे सांगणारे विवरण आधी दिले पाहिजे, आणि ठरावीक मुदतीत विनादंड कर्ज परत करण्याची मुभा असली पाहिजे. जे ॲप हे पाळीत नाही, त्याच्या वाटेस जाऊ नये. फोनमधील संपर्क व छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

कर्ज घेणे अटळच असेल, तर मुदत ठेवीवरील कर्ज किंवा बँकेतील सोनेतारण कर्ज यांचा विचार आधी करावा. व्याजाचा दर कार्डापेक्षा पुष्कळच कमी असतो. घरून पैसे घेतले, तर तेही वहीत लिहून घ्यावेत आणि हप्त्याने फेडावेत. आई-वडील ते परत मागणार नाहीत, हे खरे. तरीही ती नोंद असावी. स्वतंत्र होण्याची सुरुवात तेथूनच होते.

पहिला पगार कोणाचा?

आता थोडा नाजूक विषय. पहिला पगार देवापुढे ठेवावा, आईच्या हातात द्यावा, हा आपल्याकडील हृद्य संस्कार आहे. घरी राहून नोकरी करणाऱ्यासाठी तो सर्वस्वी योग्यही आहे. परंतु सहाशे किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलीने पहिला पगार जसाच्या तसा घरी पाठविला, तर दुसरा महिना ती कशावर काढणार? मग ती मैत्रिणीकडून उसने घेते, कार्ड वापरते आणि घरी काहीच सांगत नाही. आईच्या हातात पडलेला तो पगार वास्तविक बाजारातील उसना पैसा असतो.

प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे, की पहिले तीन पगार मुलीच्या खात्यातच राहावेत. पेढ्यांपुरते पैसे अवश्य पाठवावेत. देवही तेवढ्यावर संतुष्ट होतो. चौथ्या महिन्यापासून घरी ठरावीक रक्कम नेमाने पाठवावी आणि ती अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर असावी. एकदाच पाठविलेल्या पंचवीस हजारांपेक्षा दरमहा न चुकता येणारे तीन हजार घराला अधिक उपयोगी पडतात. ज्या घराची चूलच या पगारावर अवलंबून आहे, त्या घराला हा सल्ला जड जाईल, याची जाणीव आहे. पण अशा घराने तर पगाराआधीच्या पुंजीची काळजी अधिकच घ्यावयास हवी. कारण कर्जात सापडलेली मुलगी घराला सांभाळू शकत नाही.

दोन खाती, एक सवय

आपल्या आजीपाशी पैशांचे डबे असत. डाळीच्या डब्यात वाण्याचे, तांदळाच्या डब्यात शाळेच्या फीचे. एका डब्यातले दुसऱ्यात जात नसे. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून सारे पैसे एकाच डब्यात आले आणि दहा-वीस रुपयांच्या गळतीचा पत्ता लागेनासा झाला.

यावर उपाय सोपा आहे. पगार ज्या खात्यात जमा होतो, ते खाते मोबाईलच्या यूपीआयला जोडूच नये. दुसरे साधे बचत खाते ठेवावे. पगाराच्या खात्यातून दर सोमवारी आठवड्याचा ठरलेला खर्च तिकडे वळवावा, आणि मोबाईलवरून जे द्यावयाचे ते त्याच खात्यातून. भाडे, घरी पाठवावयाची रक्कम आणि आवर्ती ठेवीचा हप्ता यांसाठी पगाराच्या दुसऱ्याच दिवसाची स्थायी सूचना बँकेस देऊन ठेवावी. नोकरी बदलली तरी निर्वाह निधी काढू नये. यूएएन क्रमांक तोच राहतो. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, याचे भान ठेवावे. आणि प्रत्येक खात्यास नामनिर्देशन करावे. नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात.

ही सवय घर सोडण्यापूर्वीच लावता आली, तर उत्तमच. गावातच पहिली नोकरी करणाऱ्याने काही महिने आपल्याच घरात भाडेकरू व्हावे. भाड्याएवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकावी, किराणा आणि गॅस स्वतः पाहावा, आणि उरलेल्यात महिना काढून दाखवावा. जमले तर पुंजीही साठते आणि आत्मविश्वासही. न जमले, तर ते घरीच कळलेले बरे.

'नाही' म्हणण्याचे बळ

एवढा खटाटोप कशासाठी? केवळ भाडे वेळेवर जावे म्हणून नव्हे. घरापासून दूर एकट्या राहणाऱ्या तरुण माणसाला अनेकदा नकार द्यावा लागतो. रात्रपाळी संपल्यावर परतण्याचे वाहन न देणारी कंत्राटी नोकरी असते. कडी नीट न लागणारी खोली असते, वेळी-अवेळी दार ठोठावणारा घरमालक असतो. "महिनाभरासाठी दे" म्हणणारा सहकारीही असतो. यांपैकी प्रत्येकास 'नाही' म्हणता येते, फक्त त्यासाठी खात्यात काही असावे लागते. ज्याच्यापाशी दोन महिन्यांचा खर्च आहे, तो दुसरी खोली शोधू शकतो, दुसरी नोकरी मिळेपर्यंत थांबू शकतो. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला अपमान गिळून राहावे लागते, किंवा हार मानून परतावे लागते. मुलगी परतली, की "तरी आम्ही म्हणत होतो" असे बोलणारे पुष्कळ भेटतात. तिच्या क्षमतेत उणीव नव्हती, पन्नास हजारांची उणीव होती, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे पालकवर्गास एक विनंती करावीशी वाटते. मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी ठेव ठेवणारे आई-वडील आपल्याकडे विपुल आहेत. तिच्या नोकरीच्या गावातील अनामतीसाठी ठेव ठेवणारे फारच थोडे. शिक्षणाची शेवटची दोन वर्षे दरमहा दोन हजारांची आवर्ती ठेव तिच्या नावे चालविली, आणि व्याज साडेसहा टक्के धरले, तर चोवीस महिन्यांनी सुमारे एक्कावन्न हजार होतात. वर मांडलेल्या हिशेबात वसतिगृहाच्या वाटेने जाणाऱ्या मुलीस लागणारी रक्कम नेमकी एवढीच आहे. दोन हजार जड वाटले, तर एक हजार आणि चार वर्षे; थेंबे थेंबे तळे साचते. मुलगा असेल तर त्याच्यासाठीही हेच करावे. त्याला कमी लागते, असा कोणताही नियम नाही.

आणि शाखेतील आपल्या सहकाऱ्यांनीही, पगाराचे खाते उघडावयास आलेल्या तरुणास अर्जाबरोबर एक प्रश्न विचारावा : "पहिला पगार येईपर्यंतची सोय झाली आहे ना?" त्यासाठी कोणतेही परिपत्रक लागत नाही. उत्तर नकारार्थी आले, तर कार्डाचा अर्ज पुढे करण्याआधी एक कोरा कागद पुढे करावा आणि पाच मिनिटे बसून हिशेब मांडून द्यावा. असा ग्राहक बँकेशी दीर्घकाळ जोडलेला राहतो, आणि परक्या गावात ताठ मानेने उभाही राहतो.